काय चारायचं नाही

नंदनवन, नागपूर
३ एप्रिल २०२४

गोपिके, जयभीम.

पोचली मी. नागसेन गाडी घेऊन बसस्टँडवर आला होता. पिंकीले सातवा सरला, पाय सुजून राहिले, पलंगावरून उतरू नको म्हणते डॉक्टर. म्हणजे इथली चूल आता माह्या गळ्यात. सुनेची डिलिव्हरी झाली, सव्वा महिना झाला, पावसाळा लागला का मी परत. एक दिवस जास्त थांबणार नाही.

फोनवर तुले ऐकू येत नाही, अन् रुपराव दिवसभर मालकाच्या संत्र्याच्या बागेत राखणीले. नवरा-बायकोत एक जण बी कामाचा नाही, म्हणून हे पत्र. सातवी शिकली आहेस त नीट वाच. दोनदा वाच. तुही अक्कल मले माहीत हाये.

माह्या सात बकऱ्या तुह्या भरोशावर टाकून आली. दुसऱ्या कोणाले दिल्या नसत्या. तू धाकटी जाऊ, कधी तोंड वर करून बोलली नाहीस, म्हणून दिल्या. नागसेनचे बाबा गेल्यावर या बकऱ्यायनंच मले उभं ठेवलं. त्या आहेत तोवर मी कोणाच्या दारात पडलेली नाही, पोराच्या बी नाही. हे ध्यानात ठेव.

सकाळी बोर, बाभूळ, अंजन देजो. दुपारी कडूनिंबाच्या डहाळ्या, पण जास्त नाही. भुरी गाभण हाये, तिले पिंपळ अन् उंबर. पाला खाली फेकू नको वं बाई, बकरी पायाखालचं खात नाही. पेंडी बांधून आड्याले टांगजो, तिच्या तोंडापेक्षा हातभर उंच. अन् रोज पाला बदलव, माणसाले तरी रोज वांग्याची भाजी चालते काय?

आता काय चारायचं नाही ते. कण्हेर नाही. धोतरा नाही. बागेतली फवारलेली फांदी नाही. सुबाभूळ मूठभरच, जास्त झाली का केस गळतात. अन् बेशरम! नाल्याकाठची ती जांभळ्या फुलाची बेशरम त कोठ्याजवळ आणू बी नको. भर उन्हाळ्यात तेवढीच हिरवी राहते, म्हणून हात जाते माणसाचा. बकरी पहिले तोंड लावत नाही. पण दोन-चार दिवस उपाशी बांधून तीच समोर टांगली का चव लागते. मंग दुसरं काही खात नाही, दारूड्यावानी तेच मागते. महिना-दोन महिने वरून काही दिसत नाही. अन् मंग मान हालाले लागते, मांगचे पाय लटपटतात, गाभण असली त पिल्लू बी वाया. माह्या माहेरचा अख्खा कळप गेला होता तिच्यानं. समजलं काय?

हे पत्र फेकू नको. कोठ्यात खोसून ठेव.

सिंधू


पिंपळदरा, ता. नरखेड
१८ एप्रिल

मोठ्या बाईंना गोपिकाचा जयभीम.

पत्र मिळालं. दोनदा नाही, तीनदा वाचलं. तुमी सांगितलं तसं कोठ्यातच खोसून ठेवलं हाये, आड्याच्या खाली. रोज काढून वाचते.

जयंतीची मिरवणूक छान निघाली. तुमची जागा रिकामी होती, बायका विचारत होत्या.

बकऱ्या बऱ्या हायेत. पहिले चार दिवस तोंड लावलं नाही कोणीच, रात्रंदिवस ओरडत होत्या. पाचव्या दिवशी भुरीनं पहिले तोंड लावलं, मंग साऱ्याच खाऊ लागल्या. टांगूनच देते. हातभर उंच. बोर वाळून गेली, बाभळीवर औषधाले बी पाला उरला नाही. नाल्याकाठी तेवढं हिरवं हाये, तिकडून आणते.

तुमी बिलकुल टेन्शन घेऊ नका. पिंकीले जपा.

गोपिका


नंदनवन
५ मे

गोपिके,

चार दिवस खाल्लं नाही म्हणतेस. अवं, खातील कशा? माह्या हाताची सवय हाये त्यायले. भुरी त माह्या लुगड्याचा वास आल्याशिवाय पाणी बी पीत नाही. जाऊ दे, खाऊ लागल्या ना. नाल्याकाठी उंबर हाये, तो आणत असशील. पुरवून आण, एकाच दिवशी ओरबाडू नको.

इथं थाट हाये बापा. कूलर हाये, फ्रिज हाये, वर पाण्याची टाकी. पिंकी स्वभावानं चांगली हाये, फक्त हिशेबी. पलंगावरून आवाज देते, 'आई, पोळ्या किती टाकून राहिल्या?' दोन खाते मी. भूक तीनची लागते, पण पाहुण्यानं काय मागावं? दूध साऱ्यात वरच्या कप्प्यात. 'ते मले लागते, तुमी कोरा चहा घेत जा,' म्हणते. आता पोटुशी बाई, तिले काय म्हणावं! मले कोरा बी चालते.

तुह्या हातचा चहा कसा राहत होता, आठवते काय? नागसेनचे बाबा कप तसाच परत पाठवत. किती शिकवलं तुले, पण तुह्या डोक्यात काही शिरलं असंल त शपथ. बरं हाये, बकऱ्यायले पाला टांगाले अक्कल लागत नाही.

भुरीचं पोट कसं हाये ते लिहिजो.

सिंधू


पिंपळदरा
२४ मे

मोठ्या बाई,

नातू झाल्याची खबर मिळाली. ह्यायनं बागेतून येताना पेढे आणले. आनंद झाला.

भुरीचं पोट उतरलं हाये, दहा-बारा दिवसांत व्याईन. बकऱ्या आता माही चाहूल लागली का दुरूनच ओरडतात. पेंडी दिसली का दावं तोडाले पाहतात. टिकलीनं काल माह्या हातातून मोळी ओढून घेतली, बोटाले दात लागले. शेवग्याचा पाला टाकून पाहिला, हुंगला अन् सोडून दिला. जे देते तेच पाहिजे त्यायले.

बाळाचं नाव काय ठेवलं?

गोपिका


नंदनवन
७ जून

गोपिके,

पत्र वाचून पोट भरलं माहं. मोळी ओढून घेतली टिकलीनं! लबाड हाये ती, लहान होती तवापासून. तुह्या हाताले बी चव आली म्हणायची. तीस वर्षांत पहिल्यांदा तुही तारीफ करून राहिली, कोणाले सांगू नको.

बाळाचं नाव प्रशिक ठेवलं. रंगानं माह्यावर गेला, बाकी सारा नागसेन. पण एक घोर लागला हाये जिवाले. पिंकीले दूध नाही. डब्याची पावडर देतात, त्यानं पोराले हगवण. दिवसभर पिरपिर करते, गाल बसले. डॉक्टर म्हणते पावडर बदला, बकरीचं दूध देऊ नका. डॉक्टरले काय समजते? आपल्या घरातले सारे लेकरं बकरीच्या दुधावर वाढले.

भुरी व्याली असंल. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ बाटली देत जाजो, बर्फात ठेवून. नागसेन स्टँडवरून घेऊन येईन. उद्यापासून पाठव. पिंकीले मी पाहते. उशीर करू नको वं, लेकराचा प्रश्न हाये.

सिंधू


पिंपळदरा
१३ जून

मोठ्या बाई,

दूध पाठवत नाही. बकरीचं दूध पहिले तिच्या पिल्लाचं, मंग माणसाचं. तुमीच म्हणल्या होत्या, आठवते काय?

डॉक्टर सांगते तसं करा. पावडर बदला. पोराले दुसरं काही देऊ नका. हे मी मनापासून लिहून राहिली.

गोपिका


नंदनवन
५ जुलै

गोपिके,

मी कधी म्हणली असं? माह्याच बकरीचं दूध माह्या नातवाले नाही म्हणाले तुही जीभ कशी उठली? त्या दिवशीच बस धरून येणार होती अन् तुह्या झिंज्या धरणार होती. पण मी पलंगावर हाये.

तुले सांगितलं नव्हतं, हसशील म्हणून. बकरी ईदच्या चार दिवस पहिले सक्करदऱ्याच्या रस्त्यावर बकऱ्या बांधल्या होत्या विकाले. समोर वाळलं कुटार, अन् त्या बिचाऱ्या माना टाकून उभ्या. मले राहवलं नाही. दगडावर चढून पिंपळाची डहाळी ओढाले गेली अन् पडली. मांडीचं हाड मोडलं. सळई टाकली. तीन महिने उठाचं नाही. हागणं-मुतणं पलंगावर, अन् पिंकी नाकाले पदर लावून भांडं उचलते. दुपारचं ताट चार वाजता येते. कधी पोळी राहते, कधी सकाळचा भात.

पण ते मरू दे. काल आपल्या गावचा नत्थू डोळे दाखवाले नागपूरले आला होता, मले पाहाले घरी आला. सांगत होता, टिकली मेली. भुरीची मान हालून राहिली म्हणे, उभी राहिली का मांगून बसते.

गोपिके, माह्या अंगाले काटा आला. खरं सांग, तू काय चारून राहिली? नाल्याकाठचं हिरवं म्हणजे काय? येडपट आहेसच तू, उंबर समजून दुसरंच काही तोडून आणलं काय? माहं पत्र वाचत होतीस ना रोज?

आजच्या आज बंद कर. उरलेल्या साऱ्या नत्थूच्या कोठ्यात नेऊन बांध, त्याले सांगून ठेवलं हाये. नागसेन म्हणून राहिला, 'आई, बकऱ्या गेल्या त गावात आता काय ठेवलं?' पिंकी मान डोलावते. माह्या बकऱ्या गेल्या त मले इथून कोणी जाऊ देणार नाही. जलमभर या खाटेवर, या बाईच्या हातचं. तुले समजून राहिलं काय मी काय म्हणते ते? लवकर लिही.

सिंधू


पिंपळदरा
१७ जुलै

मोठ्या बाई,

विचारलं म्हणून सांगते. उंबर समजून नाही आणलं. येडपट मी नाही. तुमी लिहिलं तेच वाचून चारलं.

मले कुठं माहीत होतं बेशरमीचं काही? माह्या माहेरी बकऱ्या नव्हत्या. तुमीच सारं सांगितलं. चार दिवस उपाशी बांधाचं, मंग तीच टांगाची, दोन महिने वरून काही दिसत नाही. तुमचं अक्षर लई सुंदर हाये, कुठंच अडलं नाही.

आता तुमाले आठवत नाही ते मी सांगते. सन ९६, श्रावण. माही सुजाता चार महिन्यांची होती. मले टायफॉइड झाला, दूध आटलं. पोरगी माह्या अंगाले तोंड लावून रडे अन् रडून झोपे. तुमच्या दारात तेव्हा तीन बकऱ्या दुधाच्या होत्या. मी तीनदा मागितलं. तुमी म्हणल्या, बकरीचं दूध पहिले तिच्या पिल्लाचं. चौथ्या दिवशी मी न विचारता वाटीभर काढून घेतलं. पितळेची लहान वाटी, माही आई बाळंतविड्यात घेऊन आली होती. तुमी कोठ्याच्या दारात उभ्या होत्या. उलट्या हातानं कानाखाली हाणली. वाटी दगडावर पडून चेंबली, दूध मातीत गेलं. मंग कानातून रक्त आलं. ह्यायनं पाहिलं अन् गप्प बसले. हे तेव्हा बी गप्प होते, आता बी गप्प हायेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुजाता गेली. तुमी त्या दिवशी बी बकऱ्यायले पाला टांगला, भुकेल्या कशा ठेवाच्या म्हणल्या. मले ऐकू आलं नाही, एका बाईनं सांगितलं. त्या कानानं मी आजवर काही ऐकलं नाही, अन् आता दुसरा बी मंदावला. म्हणून त तुमाले पत्र लिहा लागते. तुमी लिहिलं, आपल्या घरातले सारे लेकरं बकरीच्या दुधावर वाढले. ते वाचलं तेव्हा मी पेंडी बांधत होती. हात थांबला नाही माहा.

बकऱ्यायचा काही गुन्हा नव्हता. भुरी माह्या हातातून खाताना माह्या डोळ्यात पाहे. मी रडली बी. तरी पेंडी टांगली. तिले दोन पिल्लं झाले, एक मेलेलंच आलं. दुसऱ्याले उभं राहता येईना, मान सारखी हाले. चार दिवस मी त्याले मांडीवर घेऊन बसली. भुरीचं दूध बी दोन दिवसांत आटलं. तुमचं पत्र आलं तोवर पाच गेल्या होत्या. भुरी परवा गेली, सातवी काल. आता कोठ्यात सात दावे हायेत.

तुमच्या नातवासाठी दूध मागितलं, तेव्हा भुरी दोन दिवस थोडं देत होती. पाठवता आलं असतं. मी नाही पाठवलं, ते विषाचं होतं. तुमच्या-माह्यात एवढाच फरक हाये, बाई.

गोपिका


नंदनवन
२ ऑगस्ट

गोपिके,

तुह्या तोंडात किडे पडो. माह्या लेकरावानी होत्या त्या.

तुही पोरगी जलमतःच अशक्त होती, साऱ्या गावाले माहीत हाये. कोणती वाटी? मले काही वाटी-बिटी आठवत नाही. एखादी चापट मारली असंल, मोठ्या जावा मारतच होत्या त्या काळी. मले बी माह्या सासूनं मारलं, मी कोणाच्या बकऱ्या मारल्या?

मी पोलिसात देईन तुले. नागसेनले म्हणलं, त हसला. म्हणते, आई, पाल्याची काय केस होते.

चार दिवस झाले हे पत्र अर्धं ठेवून.

नागसेननं गावातली माही खोली मोडाचं ठरवलं. आई आता इथंच राहणार म्हणून शेजाऱ्यायले सांगते. पिंकीनं खाट मांगच्या पडवीत टाकली, बाळाले इन्फेक्शन होते म्हणते. प्रशिकचं रडणं ऐकू येते, पण हातात देत नाही. आवाज दिला त कूलरमध्ये ऐकू येत नाही म्हणते. काल दिवसभर कोरा चहा अन् दोन टोस्ट. मी साठी ओलांडलेली बाई, भूक लागली म्हणून आज रडली वं.

हाड जुळलं का मले घेऊन जा. तुह्या घरच्या पडवीत पडून राहीन. दळीन, निवडीन. तू जे पुढं टाकशील ते खाईन, एक शब्द बोलणार नाही. तूच तेवढी आपली राहिली मले. पत्राची वाट पाहते.

सिंधू


पिंपळदरा
१४ ऑगस्ट

पिंकी सूनबाई, जयभीम.

तुमच्या सासूबाईचं पत्र मिळालं. त्यायले उत्तर लिहीत नाही, तुमाले लिहिते. आजारी माणसाले कसं ठेवाचं ते तुमाले कोणी सांगितलं नसंल. त्यायनं मले एकदा नीट लिहून दिलं होतं, म्हणून मले येते.

त्या मोकळ्या राहिलेल्या बाई हायेत. एका जागेची सवय नाही, पण लागते. पहिले चार दिवस ताट परत पाठवतील, ओरडतील. घाबरू नका. मंग जे समोर येते ते खातात. ताट जमिनीवर ठेवू नका, स्टूलावर ठेवा, हातभर उंच. पायाखालचं त्या खात नाहीत.

गावाचं नाव काढतील. मले घेऊन चला म्हणतील. त्यायले सांगा का कोठा राहिला नाही. आडं काढलं मी, चुलीत गेलं. दावे पाण्याच्या मोटरीचा पाइप बांधाले ह्यायनं बागेत नेले. माह्या घरात जागा नाही. पत्र लिहाले कागद मागतील, देऊ नका, हात दुखते त्यायचा.

नत्थूच्या हाती एक पितळेची वाटी पाठवून राहिली. लहान हाये, काठाले चेंबलेली हाये, पण चिंचेनं घासून लख्ख केली. कोरा चहा त्यायले सोसत नाही. रोज सकाळी याच वाटीत त्यायले दूध द्या. दुसऱ्या कपात मागितलं त देऊ नका. ही वाटी कोणाची म्हणून विचारतील, तुमी काही बोलू नका, फक्त दूध द्या. संपेपर्यंत समोर उभ्या राहा. त्या जगतील तोवर रोज द्या.

प्रशिकले माहा आशीर्वाद. त्याले पोटभर पाजा.

सुजाताची आई,
गोपिका